दाबा, धरा, सोडा

ब्रेक बदलले आणि पेडल मऊ झालं, ही तक्रार जुन्या जीप बाळगणाऱ्यांना नवी नाही. पुढचे ड्रम काढून डिस्क बसवल्या, लायनरच्या जागी पॅड आले, होस पाइप कोरे आले, पैसे मोजून झाले. गाडी गॅरेजबाहेर काढली आणि पहिल्याच वळणावर पाय खाली जातोय, जातोय, जातच राहतोय. गाडी थांबते. थांबते म्हणून माणूस पुढे निघतो. पण पायाला जी ठाम जागा लागते, ती काही सापडत नाही. गाडीच्या सगळ्या दुखण्यांत मला हे दुखणं सर्वांत फसवं वाटतं. ते गाडी बंद पाडत नाही, आवाज करत नाही. ते कळतं फक्त पायाला, आणि पाय फार लवकर सवय करून घेतो.

आमच्या घरी साताऱ्यात एक जुनी डिझेल जीप आहे. रानातली कामं, कासच्या बाजूचे सोयरे, पावसाळ्यात फुलं बघायला येणारे पाहुणे, सगळ्यांना तीच. साताऱ्याहून कासला जायचं तर गाव संपताच यवतेश्वरचा घाट लागतो. घाट फार मोठा नाही, पण जुलै-ऑगस्टात धुकं असं उतरतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, आणि सुटीच्या दिवशी समोरून गाड्यांची रांग. अशा रस्त्यावर जुन्या ड्रम ब्रेकचे गुण आणि अवगुण दोन्ही पुरते कळतात.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं. त्याच्या आतून दोन लायनर बाहेरच्या बाजूला दाबले जातात. उतारावर सारखा ब्रेक लावला की ड्रम तापतो, तापला की फुगतो, फुगला की लायनरपासून लांब जातो. म्हणजे ब्रेकची गरज जसजशी वाढते तसतसं पेडल आणखी खाली जायला लागतं. शिवाय ओढ्यातून गाडी गेली की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पुढचा काही वेळ ब्रेक नावालाच उरतो. जुने ड्रायव्हर ओढा ओलांडल्यावर थोडं अंतर ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवायचे, लायनर वाळावेत म्हणून. डिस्कचं तसं नाही. ती उघड्यावर फिरते, वारा खाते, पाणी झटकून टाकते, आणि तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते. १९५३ साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारच्या सी-टाइप गाड्या डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून उतरल्या आणि जिंकल्या, तेव्हा ही गोष्ट साऱ्या जगाने पाहिली. तेव्हा जीपला पुढे डिस्क लावायची, हे घरात ठरलं ते योग्यच होतं. आजही माझं मत तेच आहे.

पण ड्रममध्ये एक गुण असतो, त्याकडे गाडी बदलताना कुणाचं लक्ष जात नाही. फिरता ड्रम पुढच्या बाजूच्या लायनरला आपल्याबरोबर ओढतो आणि स्वतःवरच आणखी घट्ट दाबून घेतो. चाकाचाच जोर चाक थांबवायला हातभार लावतो. त्यामुळे पायाला कमी कष्ट पडतात. डिस्कला हा हातभार नाही. तिथे पॅड दोन्ही बाजूंनी सरळ चिमटा घेतात. जेवढा दाब नळीतून येईल तेवढीच पकड. म्हणून ड्रम काढून डिस्क लावल्या की त्याच पायाने तेवढीच गाडी थांबवायला जास्त दाब लागतो. मग पायाचा जोर वाढवणारा बूस्टर हवा. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखं आयतं व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून बूस्टरसाठी अल्टरनेटरच्या पाठीमागे बसणारा व्हॅक्यूम पंप हवा. आणि पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन मोठा असेल तर त्याला जास्त ऑइल पुरवणारा मास्टर सिलिंडर हवा. आपण म्हणतो 'ब्रेक बदलले', आणि बदललेलं असतं ते फक्त चाकाजवळचं टोक. पायाजवळच्या टोकाला या बदलाचा पत्ताच नसतो.

आमच्या जीपचं काम झालं एका गॅरेजात. पायाखालच्या पत्र्याखाली चिखल खात बसलेला जुना मास्टर काढून त्यांनी लटकतं पेडल लावलं. बॉनेटखाली बूस्टर आणि दोन कप्प्यांचा मास्टर बसवला. हे त्यांनी फार चांगलं केलं. जुना मास्टर कॅलिपरपेक्षा खालच्या उंचीवर होता. तो तसाच ठेवला असता तर उभ्या गाडीत कॅलिपरमधलं ऑइल मागे ओढलं जाऊन सकाळचा पहिला ब्रेक रिकामा जाण्याची भीती होती. अशा ठिकाणी वाटेत थोडा दाब अडवून धरणारा व्हॉल्व्ह घालावा लागतो. शिवाय जुन्या मास्टरमध्ये सगळ्या चाकांचा एकच मार्ग. एक नळी फुटली की चारही चाकं गेली. दोन कप्प्यांत निदान निम्मे ब्रेक हाती राहतात.

एवढं सगळं करूनही पेडल मऊच लागलं. गॅरेजवाले म्हणाले, "हवा राहिली असेल." हवा काढली. पेडल मऊच. पुन्हा काढली. मग म्हणाले, "पॅड नवीन आहेत, बसले की होईल बरोबर." यात अर्धं तथ्य असतं. नवे पॅड डिस्कवर पुरते टेकायला काही दिवस लागतात आणि तोवर पेडल किंचित मऊ वाटतं. पण किंचित. पेडल पत्र्याला टेकायला आलं तर त्याचं कारण पॅड असू शकत नाही, आणि वाट बघून ते सुधारतही नाही.

आम्ही सगळे ती जीप चालवत राहिलो, कारण दोनदा पेडल मारलं की ब्रेक वर यायचा. पहिली लाथ रिकामी, दुसरी कामाची. घरातल्या प्रत्येकाच्या पायाने हे आपसूक आत्मसात केलं. कुणी कुणाला सांगितलं नाही, बोललंही नाही. पुण्याहून भाचा आला, अंगणातून जीप काढायला बसला आणि फाटकापाशी एकदाच पेडल दाबून हँडब्रेक ओढून ओरडला, "आत्या, हिला ब्रेकच नाहीत!" गाडीचा वेग माणसाच्या चालण्याइतका होता म्हणून काही झालं नाही. पण आम्हाला जे रोज कळत होतं ते त्याला एका दाबात कळलं, कारण त्याच्या पायाला आमची सवय नव्हती.

त्यानंतर जीप एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलं नाही, पाना घेतला नाही. आधी स्वतः सीटवर बसले, इंजिन बंद ठेवून पेडल दाबलं आणि पाय न हलवता बराच वेळ तसेच थांबले. पेडल तिथेच राहिलं. "खाली सरकत नाही," म्हणाले. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जायला लागलं तर कुठेतरी गळती असते, नाहीतर मास्टरच्या आतली सील ऑइल पाठीमागे सोडत असते. इथे तसं नव्हतं. मग त्यांनी भराभर चार-पाचदा पेडल मारलं. वर आलं, पण पायाखाली लवचिक लागत होतं. मला बसवून म्हणाले, "ताई, तुम्ही बघा. वर येतं, पण कडक होतंय का?" होत नव्हतं. पंप केल्यावर पेडल वर येऊन कडक झालं तर चूक सहसा लायनरच्या अंतराची. वर येऊनही लुसलुशीत राहिलं तर आत हवा.

पुढे त्यांनी जे केलं ते मी आधी कुठल्याच गॅरेजात पाहिलं नव्हतं. रबरी होस तीन असतात: पुढच्या दोन चाकांना एकेक आणि मागच्या अॅक्सलला मिळून एक. तिन्हींना जाड कापड गुंडाळून त्यांनी बोथट तोंडाचे चिमटे लावले, होसला इजा होणार नाही इतक्याच जोराने. पेडल दाबलं तर ते वरच थांबलं, हलेना. म्हणजे मास्टर ठीक. मागचा चिमटा काढला. पेडल थोडं खाली गेलं, पण ठाम राहिलं. म्हणजे मागच्या ड्रमचे लायनर सैल. मग पुढचा डावा काढला, आणि पेडल एकदम मऊ. उजवा काढला, आणखी मऊ. दुखणं कुठे आहे ते असं पायालाच विचारून घेतलं होतं त्यांनी. सुटा भाग एकही बदलला नव्हता.

मग ते चाकापाशी उकिडवे बसले, टॉर्च मारला आणि म्हणाले, "निपल बघा कुठंय."

निपल खाली होता. हवा काढायचा तो छोटा स्क्रू कॅलिपरच्या वरच्या टोकाला असावा लागतो. आमच्या दोन्ही कॅलिपरना तो तळाशी होता. नव्या ब्रॅकेटवर बसवताना डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे गेला होता. दोन्ही बाजूंना तो बसतो, बोल्टही लागतात, ब्रेकही लागतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण हवा ऑइलमध्ये कायम वर जाते. गवंड्याच्या लेव्हलमधला बुडबुडा जसा वरच्या बाजूलाच थांबतो, तशी कॅलिपरच्या माथ्यावर हवा जमून राहते आणि तळाच्या निपलमधून बाटल्याच्या बाटल्या ऑइल काढलं तरी ती जागची हलत नाही. बाहेर येणारं ऑइल स्वच्छ, एकही बुडबुडा नाही. बघणाऱ्याला वाटतं, झालं काम.

हवा एवढी महाग का पडते, हे हिशोबाने बघावं. ऑइल दाबलं तर जवळजवळ आकसत नाही. सगळा दाब जसाच्या तसा दुसऱ्या टोकाला पोचतो. सतराव्या शतकात पास्कालने सांगितलेल्या याच नियमावर माल्कम लॉकहीड यांनी १९१७ साली ब्रेकचं पेटंट घेतलं, आणि १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग गाडीला चारही चाकांवर तो ब्रेक लागला. पण हवा आकसते. ब्रेकच्या दाबाखाली ती इतकी आकसते की तिची जागा जवळपास पूर्ण ऑइलने भरून काढावी लागते. एक मिलिलिटर हवा, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. सात सुताचा, म्हणजे सात अष्टमांश इंची मास्टर आणि पाचास एक असं पेडलचं प्रमाण धरलं, तर तेवढ्या हवेपायी पेडल सव्वा सेंटिमीटरहून जास्त खाली जातं. पेडलची एकूण हालचाल ती केवढी, आणि त्यातलं एवढं एका बुडबुड्याने खाल्लं!

कॅलिपर उतरवून दोघांची अदलाबदल केली. मग हवा काढायला सुरुवात. मास्टर उजवीकडे, म्हणून सर्वांत लांबचं चाक आधी: मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. सलाइनची पारदर्शक नळी निपलवर चढवलेली, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं, म्हणजे पेडल सोडताना बाहेरची हवा परत ओढली जाऊ नये. मिस्त्री खाली, मी सीटवर. "मारा… मारा… मारा… धरा." मी पाय दाबून धरते. पाना पाव फेरा फिरतो, पेडल पायाखालून निसटल्यासारखं खाली जातं, नळीतून आधी काळपट ऑइल येतं, मग दुधाळ, मग त्यात बारीक बुडबुड्यांची माळ. पाना परत घट्ट. "सोडा." निपल उघडा असताना पाय सोडला तर सगळी मेहनत वाया, म्हणून 'सोडा' ऐकल्याशिवाय पाय हलवायचा नाही, आणि वर मास्टरची डबी रिकामी होऊ द्यायची नाही. मध्येच ते पान्याच्या लाकडी मुठीने कॅलिपरला हळू ठोकत. ठोकलं की चिकटून राहिलेले बुडबुडे सुटतात. उजव्या कॅलिपरमधून शेवटी एक मोठा बुडबुडा आला आणि नळीतून सरकत बाटलीत फुटला. पुढच्याच 'धरा'ला पेडल माझ्या पायाखाली थांबलं. खरंच थांबलं. इतक्या महिन्यांनी ती जागा पायाला लागली आणि मला अक्षरशः हायसं वाटलं.

एक सूचना त्यांनी सुरुवातीलाच दिली होती, ती इथे सांगायला हवी. मास्टर जुना असेल तर हवा काढताना पेडल तळापर्यंत लाथाडायचं नाही. खाली लाकडाचा तुकडा ठेवायचा. रोजच्या वापरात सील सिलिंडरच्या ठरावीक पट्ट्यातच फिरते, त्यापुढचा भाग गंजलेला असतो, आणि सील त्या खरबरीत भागावरून गेली की कापली जाते. हवा काढायला गेलेली गाडी सील फाटून परत येते, त्याचं हे कारण.

मग मागचे लायनर. ड्रम फिरवत, खाचेतून स्क्रूड्रायव्हर घालून लायनर ड्रमला किंचित लागेपर्यंत वर घेतले आणि जरा मागे सोडले. पुढच्या डिस्कच्या नादात मागच्या ड्रमकडे कुणी बघितलंच नव्हतं. मऊ पेडल घेऊन येणाऱ्या अनेक गाड्यांचं अर्धं दुखणं इथेच असतं, असं मिस्त्रींचं म्हणणं, आणि मला ते पटतं. फुकटात होणारं काम, पण त्यासाठी गाडीखाली झोपावं लागतं.

पेडल आता ठाम होतं, तरी अजून लांब जात होतं. राहिला मास्टर. गॅरेजने हाताशी असलेला सहा सुताचा बसवला होता, म्हणजे पाऊण इंची. लहान मास्टरने पाय हलका लागतो, पण एका दाबात ऑइल कमी जातं. कॅलिपरचा पिस्टन ४८ मिलिमीटरचा असो की ५४ चा, दिसायला फरक बोटभरही नाही. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, आणि ५४ च्या पिस्टनला तेवढंच सरकायला सव्वापटीहून जास्त ऑइल लागतं. मिस्त्रींनी सात सुताचा मास्टर आणायला सांगितला. सहाचा वर्ग ३६, सातचा वर्ग ४९. एका सुताच्या फरकाने ऑइल सव्वापटीहूनही वर, जवळजवळ छत्तीस टक्के जास्त. पेडलची धाव तेवढ्याच प्रमाणात आखूड झाली आणि पाय तेवढाच जड झाला. यात सवलत नाही. पाय हलका हवा तर धाव लांब, धाव आखूड हवी तर पाय जड. मधली जागा बूस्टर थोडीफार सांभाळतो. पण मऊ पेडलवर बूस्टर हा उपाय सांगणारे मला भेटले आहेत, आणि तो चुकीचा सल्ला आहे. बूस्टर पायाचा जोर वाढवतो. नळीतली हवा त्याने जात नाही, उलट ती जास्त सहज दाबली जाते. पेडल दाबून ठेवून इंजिन चालू केलं की पेडल जरासं खाली जातं, त्याला मात्र घाबरू नये. बूस्टर काम करतोय याची ती खूण आहे.

ऑइलबद्दल दोन शब्द. डॉट ३ आणि डॉट ४ ही नेहमीची ब्रेक ऑइलं हवेतली ओल शोषतात. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असतो, तर सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरलेला चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. आपल्याकडे चार महिने पावसाची हवा. अर्धा उघडलेला डबा फडताळात वर्षभर ठेवून तोच पुन्हा वापरणं म्हणजे ओल विकत घेणं. घाट उतरताना कॅलिपर तापला की असं ऑइल आतल्या आत उकळतं, वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. गाडी पायथ्याशी थांबून थंड झाली की पेडल पुन्हा कडक. गॅरेजात नेईपर्यंत दुखणं गायब. फक्त घाटाच्या तळाशी मऊ होणारं पेडल असेल तर आधी ऑइल बदला, आणि उतारावर खालचा गिअर ठेवा. घाटातल्या पाट्यांवर 'गाडी न्यूट्रल करू नका' लिहिलेलं असतं, ते याचसाठी.

मला या साऱ्यात अजून टोचतं ते आमच्या पायांचं वागणं. दोनदा मारलं की लागतो, हे आम्ही गाडीचा स्वभाव म्हणून मान्य केलं होतं. धुक्यात समोरून अचानक गाडी आली असती तर दुसऱ्या लाथेला वेळ मिळाला असता का? आणि पाहुण्याच्या पायाला दुसरी लाथ मारायची हे कुणी सांगितलं असतं? पाय आपल्यापासून दोष लपवतो, तेही इतक्या प्रामाणिकपणे की तो दोष आहे हेच विसरायला होतं. ब्रेकच्या बाबतीत स्वतःच्या पायावर एवढा भरवसा नसावा. अधूनमधून गाडी परक्या माणसाला चालवायला द्यावी आणि तो उतरल्यावर काय म्हणतो ते ऐकून घ्यावं.

तुमच्या गाडीचे ब्रेक नुकतेच बदलले असतील तर उद्या सकाळी अंगणातच, इंजिन बंद ठेवून पेडल दाबा आणि अर्धा मिनिट धरून बसा. खाली सरकलं, किंवा दोनदा मारल्याशिवाय वर येत नसलं, तर ती गाडी घाटात नेऊ नका. गॅरेजात न्या, गळती, मास्टरची सील आणि मागचे लायनर तपासून हवा काढायला सांगा, आणि काढण्याआधी स्वतः चाकापाशी बसून निपल वरच्या बाजूला आहे ना, ते बघा.